एकही ओळ गळत नाही

राघोकाकांनी बटण दाबलं होतं की नव्हतं? प्रश्न एवढाच होता. उत्तर सादियाच्या लॅपटॉपमध्ये कुठेतरी दडून बसलं होतं आणि सकाळी सातपासून शोधूनही ते मेलं हाती लागत नव्हतं. आता साडेअकरा झाले होते. दीड वाजता भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामातून एक कागद हेड ऑफिसला जाणार होता. एकदा तो गेला की राघो सावळाराम भोईर हा माणूस कामचुकार आणि वर खोटारडा, हे कायमचं ठरणार होतं.

झालं होतं ते असं. राघोकाका म्हणजे सादियाच्या मैत्रिणीचे, करिष्माचे वडील. वळच्या एका थंड गोदामात ते ड्युटीवर असायचे. गोदामात इंजेक्शनं ठेवलेली, थंडाव्यातच टिकणारी. मागच्या शुक्रवारी दुपारी एक वाजून आठ मिनिटांनी गार करणारं मशीन बंद पडलं (ती वेळ मशीनच्या स्वतःच्या घड्याळात राहिली) आणि भोंगा वाजला. अशा वेळी ड्युटीवरच्या माणसाने आपलं कार्ड लावायचं आणि भिंतीवरचं बटण दाबायचं. दाबलं की कॉम्प्युटरमध्ये त्याच्या नावाची नोंद होते आणि ती नोंद वाचून मेकॅनिकला आपोआप निरोप जातो. राघोकाकांचं म्हणणं, मी कार्ड लावलं, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, भोंगा थांबला. मग मी ट्रक खाली करायला गेलो. पण मेकॅनिक आलाच नाही. साडेतीनपर्यंत अख्ख्या खोलीतला माल फेकायच्या लायकीचा झाला. कंपनीने नोंदी उघडल्या. बटण दाबल्याची नोंद नाही. कॅमेरा दरवाजावर रोखलेला, भिंतीकडे नाहीच. भोंगा तर वेगळ्या खटक्यानेही थांबतो. म्हणजे म्हाताऱ्याने नुसता भोंगा बंद केला आणि निघून गेला, झालं!

‘माझ्या हलगर्जीपणामुळे हे झालं, असं लिहून द्या आणि घरी जा. नाहीतर पोलीस.’ कंपनीने आठ दिवसांची मुदत दिली होती. आठ दिवस आज संपत होते.

आता यात सादियाचा काय संबंध? तर त्या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी लिहिणारा जो भाग होता तो सादियाचा होता. त्याला म्हणतात लॉगिंग लायब्ररी. भिवंडीत चार माणसांना विचारलं तर तिघं वाचनालयाचा पत्ता सांगतील, पण भानगड साधी आहे. कुठलंही सॉफ्टवेअर चालताना काय केलं, कधी केलं, याची ओळीओळीने रोजनिशी लिहीत असतं. हे लिहायचं काम प्रत्येकाने नव्याने कशाला करायचं? म्हणून कोणीतरी ते एकदा नीट करून जगासाठी उघडं ठेवतं. घ्या, वापरा, आतलं वाचा, चूक दिसली तर सांगा. सादियाने सात वर्षांपूर्वी असंच एक लिहिलं होतं, आपल्या अब्बांच्या नारपोलीतल्या कापड विणायच्या कारखान्यासाठी. कोणती लूम कधी थांबली, याची नोंद ठेवायला. नाव ठेवलं ‘खटखट’. मग ते इंटरनेटवर टाकलं आणि कुठकुठले लोक वापरू लागले. दिवसभर ठाण्याच्या एका कंपनीचं काम घरून, आणि उरलेला वेळ खटखटला. तक्रारी वाचायच्या, दुरुस्त्या करायच्या, अनोळखी माणसांची बोलणी खायची. शाबासकी वर्षातून दोनदा मिळाली तरी खूप.

खटखट कसं वापरायचं, ते काय करतं आणि काय करत नाही, हे सगळं लिहून ठेवायचं काम मात्र करिष्माचं. दोघी कॉलेजपासूनच्या. सादियाला कोड सुचायचा, चार सरळ वाक्यं सुचायची नाहीत, करिष्माचं उलटं. तिनेच पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहिलं होतं: ‘खटखटकडे आलेली प्रत्येक ओळ लिहिली जाते. एकही ओळ गळत नाही.’ लिहिण्याआधी तिने विचारलंही होतं, “सादिया, हे नक्की ना? मी छातीठोक लिहितेय.” आणि सादिया म्हणाली होती, “लिही बिनधास्त.”

गोदामाला सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, शादाब, त्याने चौकशीत तेच पान उघडून मॅनेजरसमोर धरलं. एकही ओळ गळत नाही, असं बनवणारेच सांगतायत. मग राघो भोईरची ओळ गेली कुठे? दाबलंच नसणार.

म्हणजे लेकीने लिहिलेलं वाक्य बापाच्या गळ्याशी आलं होतं. त्याच दिवशी, म्हणजे परवा, करिष्माचा फोन आला होता. “खरं सांग, एखादी ओळ गळू शकते?” सादिया तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, वैतागलेली होती. “अगं नाही गळत! तूच लिहिलंयस ना?” असं म्हणून तिने फोन ठेवला होता. पलीकडे करिष्मा काही बोलली नव्हती. ते न बोलणं गेले दोन दिवस सादियाला झोपू देत नव्हतं.

म्हणून आज तिने रजा टाकली होती. सकाळपासून खटखटला सगळ्या बाजूंनी बडवून झालं होतं. एका दमात लाख ओळी पाठवल्या. मध्येच वीज घालवून पाहिली. डिस्क भरून पाहिली. सगळ्या ओळी शहाण्यासारख्या रांगेत हजर. एकही गळेना! आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कामात चूक सापडावी असं वाटत होतं आणि ती सापडत नव्हती.

“तू अजून बसलीयस गो?” अब्बा दारात उभे होते. पांढरा कुर्ता, अत्तराचा वास, टोपी हातात. “मी जुम्म्याच्या नमाजाला निघतो. काय खाल्लंस की नाय?”

“अब्बा, प्लीज. आत्ता नको.”

“बरं बाबा, नको तर नको. एवढी शांतता हाय आज, डोकं चालायला पाहिजे तुझं.”

अब्बा हसत वळले आणि सादियाची बोटं थांबली. शांतता. तिची खोली कारखान्याच्या डोक्यावर. आठवड्यातले सहा दिवस लूमच्या आवाजाने खिडकीची काच थरथरत असते, टेबलावरचा चहा कपात नाचतो. सवयीने ते ऐकूही येत नाही, आणि बंद झालं तरी लवकर कळत नाही. आज काच गप्प होती. नारपोलीत शुक्रवारी लूम बंद. आज शुक्रवार, आणि काकांचं झालं तोही शुक्रवारच.

“अब्बा, थांबा! आपल्या कारखान्यातल्या आठवड्याच्या जुन्या नोंदी बाजूला काढून त्यांचा गठ्ठा बांधायचे मी, आठवतंय? तो शुक्रवारी का बांधायचे?”

“मला विचारते! तूच म्हणालीस, कॉम्प्युटर जुना हाय, गठ्ठा बांधायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ लिहिणं बंद ठेवायला लागेल. मी म्हटलं, मग जुम्म्याला एक वाजता बांध. तेव्हा कारखान्यात काळं कुत्रं पण नसतं.”

सादिया लॅपटॉपकडे वळली. तिने खटखटची सगळ्यात जुनी फाईल उघडली, जिला तिने कितीतरी वर्षांत हात लावला नव्हता. आणि ते तिथे होतं. आठवड्याचा गठ्ठा कोणत्या दिवशी बांधायचा हे वापरणाऱ्याने सांगायचं. पण त्याने सांगितलंच नाही तर? तर शुक्रवार, दुपारी एक वाजता. तिथून पुढे वीस मिनिटं लिहिणं बंद. त्या वीस मिनिटांत जी ओळ येईल ती टाकून द्यायची. कुठे तक्रार नाही, इशारा नाही, काही नाही. वर तिच्याच हातची टीप: ‘अब्बांनी सांगितलेली वेळ.’

नवी मशीनं तोच गठ्ठा अर्ध्या सेकंदात बांधतात. पण वीस मिनिटांची बंदी तशीच राहून गेली होती. बहुतेक लोक दिवस स्वतः लिहितात, करिष्माच्या नमुन्यात रविवार होता, तो उचलतात, तेव्हा ही बंदी त्यांना लागत नाही. शादाबच्या कंपनीने ती जागा रिकामी सोडली असणार. आणि वळला कुठली आलीय शुक्रवारची सुट्टी! तिथे शुक्रवारी दुपारी ट्रकांची रांग असते. फक्त एक ते दीड बहुतेक माणसं जेवायला जातात, तेव्हा बटणांना सहसा कोणी हात लावत नाही. म्हणून ती वीस मिनिटं कोरी दिसली तरी आजवर कोणाच्या डोळ्यात आली नव्हती.

“एक वाजून आठ मिनिटं,” सादिया मोठ्याने म्हणाली. “दाबलं होतं. अब्बा, राघोकाकांनी दाबलं होतं!”

आणि लगेच दुसरं आठवलं. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणा माणसाने खटखटच्या पानावर लिहिलं होतं, शुक्रवारी दुपारच्या काही ओळी मला दिसत नाहीत. तिने तपासलं होतं, मंगळवारी सकाळी. ‘माझ्याकडे तसं होत नाही’ असं लिहून तक्रार बंद करून टाकली होती. त्या माणसाने पुन्हा विचारलं नाही. ते अजून तिथे होतं, तारखेसकट, कोणालाही वाचता येईल असं. सादियाला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

सवय वाईट असते. चूक दिसली की हात आधी दुरुस्तीकडे जातो. दहा मिनिटांत तिने दोन ओळी बदलल्या, तपासल्या आणि नवी आवृत्ती जगासाठी सोडायच्या बटणावर बोट ठेवलं. सोबत काय बदललं ते चार शब्दांत लिहायचं असतं. ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढं लिहिलं तरी चालतं, सगळे तेच लिहितात. कोण बघतंय? शुक्रवारची भानगड परस्पर मिटेल, ती जुनी तक्रारही तिथेच कुजेल, आणि सादियाचं नाव जसंच्या तसं राहील.

खोटं कशाला बोला, मोह झाला तिला. क्षणभर झाला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की शादाबच्या कंपनीचं सॉफ्टवेअर खटखटची नवी आवृत्ती आली की स्वतःच उचलतं. बोट खाली गेलं असतं तर आज एक वाजता वळच्या गोदामात सगळ्या ओळी नीट लिहिल्या गेल्या असत्या, आणि राघोकाकांना वाचवणारा एकमेव पुरावा तिने स्वतःच्या हाताने पुसला असता. तिने हात असा मागे घेतला, जणू चटका बसलाय. लॅपटॉप बंद केला.

पुरावा एकच होता: ती वीस मिनिटं. आज एक ते एक वीस. ती चुकली तर पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं, आणि तोवर कागद हेड ऑफिसच्या फाईलीत.

तिने करिष्माला फोन लावला. ती गोदामातच होती, वडिलांसोबत बोलावलेली. सादियाने धापा टाकत सगळं सांगितलं.

“करिष्मा? ऐकतेयस ना? एक वाजला की तिथलं बटण दाबायला सांग त्यांना. कोणालाही.”

“थांब,” करिष्मा म्हणाली. मागे पुरुषी आवाज झाले. मग ती परत आली, आवाज पार बसलेला. “मॅनेजर म्हणतो, फोनवरच्या मैत्रिणीचं ऐकून मी बटणाच्या पॅनेलला हात लावू देणार नाही. ज्याने बनवलंय त्याने समोर येऊन सांगावं. सादिया, तू ये. लवकर ये.”

“काकांना सांग, काहीही झालं तरी सही करू नका.”

करिष्माने एकदम फोन ठेवला.

रिक्षा मिळायलाच सव्वाबारा झाले. अंजूरफाट्यापर्यंत ठीक होतं, पुढे कंटेनरांची भिंत. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली. “आगे पूरा जाम है मॅडम. आधा घंटा तो पकडो.”

“गल्लीसे निकालो ना भैया! पीछेसे!”

“गल्ली में भी टेम्पो घुसा पडा है. उडके जाएंगे क्या?”

बारा चाळीस. बारा पन्नास. रिक्षा ढकलल्यासारखी पुढे सरकत होती. सादिया मांडीवर लॅपटॉप आवळून बसली होती आणि एकच हिशेब पुन्हा पुन्हा करत होती. गोदामाच्या सर्व्हरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर? पाच असेल तर? शादाबने दिवसाची जागा रिकामी सोडलेलीच नसेल, आपला सगळा अंदाजच चुकला असेल तर? मग आपण भरल्या ऑफिसात जाऊन काकांची आणखी शोभा करणार. एक वाजून एका मिनिटाने तिने रिक्षा सोडली आणि धुळीतून, उभ्या ट्रकांच्या मधून ती चालत, खरं तर पळतच निघाली.

गेटवर रंगूबाई होती, गावातलीच, सुरक्षारक्षकाच्या निळ्या शर्टात. “आधारकार्ड दाखव, रजिस्टर भर, लॅपटॉपचा नंबर लिव.”

“मावशी, मी राघोकाकांसाठी आलेय. वेळ नाही हो, एक वीसच्या आत...”

रंगूबाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग रजिस्टर स्वतःकडे ओढलं. “नाव सांग आनि पल. मी भरतंय.”

एक वाजून अकरा मिनिटं.

मॅनेजरची केबिन थंड खोलीला लागूनच होती. आत चार माणसं. खुर्चीत मॅनेजर भाविक, तिशीचा, टापटीप, कपाळावर आठ्या. त्याच्या बाजूला लॅपटॉप उघडून शादाब. भिंतीला टेकून करिष्मा. आणि स्टुलावर राघोकाका, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले, हात गुडघ्यांवर. टेबलावर एक कागद होता आणि त्याच्या खाली निळ्या शाईने सही होती. राघो सा. भोईर.

“काका! सही केलीत?” सादिया दारातूनच ओरडली.

“अकरालाच केली,” काका जमिनीकडे बघत म्हणाले.

“पण का?”

उत्तर करिष्माने दिलं. “मी सांगितलं म्हणून. मीच म्हटलं, बाबा, नोंद खोटं बोलत नाही. पोलीस तरी टळतील. सही करा.” तिचे डोळे कोरडे होते आणि ते बघवत नव्हते.

त्यावर बोलायला वेळ नव्हता. ती भाविककडे वळली. “सर, खटखट मी लिहिलंय. त्यात चूक आहे. शुक्रवारी एक ते एक वीस ते काहीच लिहीत नाही. आत्ता एक बारा झालेत. तुम्ही बटण दाबा आणि बघा, नोंद होते का.”

“मॅडम, हे बघा,” भाविक खुर्चीत मागे रेलला. “तुम्ही करिष्माच्या फ्रेंड. काकांना वाचवायला तुम्ही काय पण बोलणार. माणसाने स्वतः लिहून दिलंय. दीड वाजता मला हे पाठवायचंय, वरून दोन फोन आलेत.”

“मी नुसतं बोलत नाहीये. दाबून बघा एवढंच म्हणतेय.”

“आणि काय झालं ते पॅनेलला, तर कोण बघणार?”

“सर, दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी दाबतं ते!” शादाब मध्येच म्हणाला. तो मघापासून सादियाकडे निरखून बघत होता. “तुम्ही खटखटच्या सादिया? मी ओळखतो तुमचं नाव. पण तुमच्याच पानावर लिहिलंय...” त्याने स्क्रीन फिरवून वाचायला सुरुवात केली. “खटखटकडे आलेली प्रत्येक ओळ...”

“ते चुकीचं आहे,” सादिया म्हणाली. “गठ्ठा बांधायचा दिवस तुम्ही लिहिलाय की जागा रिकामी ठेवलीय?”

शादाबने बोटं चालवली. चेहरा हळूच बदलला. “रिकामी आहे.”

“एक चौदा झाले. सर, माझा हात नको, काकांचा नको, करिष्माचा तर नकोच. तुम्ही स्वतः दाबा. तुमचं कार्ड लावा.”

भाविकने घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, मग राघोकाकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केलीच नव्हती. “चला यार,” म्हणत तो उठला. पॅनेल केबिनच्या दारातून दिसत होतं. त्याने गळ्यातलं कार्ड लावलं आणि बटण दाबलं. टुक. हिरवा दिवा लागला.

“दिवा तर लागला,” भाविक म्हणाला.

“शादाब, नोंद?”

शादाबने स्क्रीन वरखाली केली. “नाही आली.”

“नेट स्लो असेल.” भाविकने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. दरवेळी हिरवा दिवा. एक वाजून सोळा मिनिटं. शादाब नुसता मान हलवत होता. शेवटची ओळ बारा सत्तावन्नची, त्याच्याखाली कोरं.

“सर्व्हरच बंद पडला असेल मग,” भाविक म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

“मग एक वीस होऊ द्या,” सादिया म्हणाली. “एक वीसनंतर दाबा. तेव्हाही नोंद आली नाही तर मी खोटी, तुमचा कागद पाठवा.”

ती चार मिनिटं कशी गेली ते सादियालाच माहीत. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. करिष्मा वडिलांच्या स्टुलामागे येऊन उभी राहिली होती, पण खांद्यावर हात ठेवायला ती धजत नव्हती. एकदा तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. सादियाने ते पाहिलं आणि नजर वळवली. टेबलावरचा भाविकचा फोन वाजला, वाजत राहिला, त्याने उचलला नाही.

एक एकोणीस. एक वीस. सादियाने बोट वर केलं, थांबा. एक एकवीस.

“दाबा.”

टुक. हिरवा दिवा.

“आली!” शादाब खुर्चीतून अर्धा उठला. “सर, आली! तुमचं नाव, तेरा एकवीस!”

भाविकने परत येऊन स्क्रीन स्वतः पाहिली. मग मागच्या शुक्रवारचं पान काढायला लावलं, त्याच्या आधीच्या शुक्रवारचं, त्याच्याही आधीचं. सगळीकडे एक ते एक वीस कोरं. त्याने कपाळ चोळलं. “च्यायला,” तो हळूच म्हणाला. मग टेबलावरचा कागद उचलून राघोकाकांसमोर धरला. “काका, हा तुमच्याकडे ठेवा. मी काय नाय पाठवत. वरती मी बोलतो.”

काकांनी कागद घेतला. फाडला नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

“कधीपासून आहे हे?” शादाबने विचारलं.

“सात वर्षं.”

“आणि कोणालाच माहीत नव्हतं?”

इथे ‘नव्हतं’ म्हणून मोकळं होता आलं असतं. खोलीतल्या कोणीही पुढे विचारलं नसतं. सादियाने राघोकाकांच्या खिशातल्या त्या घडीकडे पाहिलं. “दोन वर्षांपूर्वी एकाने सांगितलं होतं,” ती म्हणाली. “शुक्रवारच्या ओळी दिसत नाहीत म्हणून. मी मंगळवारी तपासलं आणि त्याचं तोंड बंद केलं. तेव्हा नीट ऐकलं असतं तर काकांवर ही वेळ आली नसती. आणि ते वाक्य करिष्माचं नाही, शादाब. तिने विचारलं होतं, मी म्हटलं लिही बिनधास्त. काका, चूक माझी आहे. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला.”

काका तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. “तू आलीस ना पलत,” ते म्हणाले. “बस जरा. पानी पी.”

करिष्माने खिशातून फोन काढला होता. खटखटचं पहिलं पान उघडून ते वाक्य ती अक्षर अक्षर मागे जात खोडत होती. “काय लिहू इथे?” तिने मान वर न करता विचारलं.

“जे झालं ते. शुक्रवारी दुपारी एक ते एक वीस खटखट काहीच लिहीत नव्हतं. सात वर्षं. ज्यांनी त्या वेळेच्या नोंदींवरून कोणाला दोषी धरलं असेल, त्यांनी पुन्हा बघावं. खाली माझं नाव टाक.”

राघोकाका स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. कोणाला काही न विचारता ते पॅनेलपाशी गेले, खिशातून कार्ड काढलं, लावलं. ते कार्ड अजून कंपनीने काढून घेतलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं आणि बोट तिथेच ठेवून मागे न बघता म्हणाले, “बघ ग करिष्मा. आला काय?”

शादाब काही बोलणार होता, सादियाने त्याला खूण केली. तो बाजूला सरकला. करिष्मा स्क्रीनपाशी आली.

“आली बाबा.”

“वाच.”

“तेरा वाजून अठ्ठावीस मिनिटं. राघो सावळाराम भोईर. बटण दाबले.”

“परत वाच.”

“तेरा वाजून अठ्ठावीस मिनिटं. राघो सावळाराम...” तिचा आवाज फुटला. ओठ दाबून तिने उरलेलं पुरं केलं. “भोईर. बटण दाबले.”

“मागल्या शुक्रवारी बी असाच दाबला व्हता,” काका म्हणाले. मग वळले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “सायब लोकांचा काय न्हाय. त्ये मना वलखत न्हाय. पन तू आठ दिवस माज्या ताटात जेवान वाढलास पोरी, आनि एक डाव बी माज्या तोंडाकरं बघितला न्हाय.”

काका तिथेच उभे होते, बटणापाशी. तिसऱ्यांदा वाच असं त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी करिष्माने या वेळी स्क्रीनकडे न बघता, त्यांच्या तोंडाकडे बघत, ती ओळ पुन्हा म्हटली.